स्ट्रिप आणि रिमूव्हसफिक्स: लातूरची 'तूर' कुठून येते?

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांची यादी आहे आणि प्रत्येक नावामागे शेपूट आहे: 'बीड जिल्हा', 'लातूर जिल्हा'. आपल्याला नुसतं नाव हवंय. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नवशिका त्यासाठी मजकुराच्या कडा साफ करणारा स्ट्रिप (strip) हमखास वापरतो: नाव.स्ट्रिप(" जिल्हा"). बीडवर चालवलं तर 'बीड' येतं. नांदेड, परभणी, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर हेही व्यवस्थित. लातूरची मात्र 'तूर' होते. तिथल्या डाळमिलवाल्यांना आवडेलही, पण यादीत चालणार नाही.

भानगड अशी की स्ट्रिपला दिलेला 'जिल्हा' तो शब्द म्हणून वाचतच नाही. त्याच्या लेखी ती सुटी चिन्हं: ज, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ह, काना, शिवाय मोकळी जागा. यातलं काहीही, कोणत्याही क्रमाने, दोन्ही टोकांना जोवर सापडतंय तोवर तो सोलत जातो. लातूरचा ल गेला, काना गेला, त यादीत नाही म्हणून तिथे थांबला. हिंगोलीचा ह वेलांटीसकट जातो आणि अनुस्वार बिचारा अधांतरी लटकतो. सगळ्यात वाईट हाल जालन्याचे: पुढून 'जाल' गेलं, मागून काना गेला, हाती उरला एकटा 'न'.

मग कुणी सुचवतं, आरस्ट्रिप वापरा, तो फक्त उजवीकडून कापतो. लातूर वाचतं. हिंगोलीही वाचते, कारण तिच्या शेवटची वेलांटी दीर्घ आहे आणि आपल्या यादीतली ऱ्हस्व. जालन्याचं तरीही 'जालन' होतं. देवनागरीत काना-मात्रा संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हं असतात, त्यामुळे अक्षर शाबूत राहून नुसता काना उडतो. अशी चूक नजरेतून सहज सुटते. सगळं नाव गायब झालं असतं तर निदान लगेच कळलं असतं.

यावर खरा उपाय रिमूव्हसफिक्स (removesuffix), तो पायथन 3.9 पासून, म्हणजे 2020 पासून आहे. तो दिलेला तुकडा अखंड शब्द म्हणून बघतो: शेवटी तंतोतंत तोच असेल तर एकदाच काढतो, नसेल तर स्ट्रिंग, म्हणजे दिलेला मजकूर, जशीच्या तशी परत देतो, चूक वगैरे काही दाखवत नाही. एक्सेलमधून आलेल्या नावामागे एखादी स्पेस राहिली की झालं, 'जिल्हा' जागचा हलत नाही. म्हणून स्ट्रिप मोडीत काढायचा नाही, रिकामे कंस देऊन त्याच्या खऱ्या कामाला लावायचा:

नाव.स्ट्रिप().रिमूव्हसफिक्स("जिल्हा").स्ट्रिप()

पहिला स्ट्रिप कडेच्या स्पेस झाडतो, शेवटचा नाव आणि 'जिल्हा' यांच्यामधली, मग ती एक असो की तीन. सापडेल तिथे शब्द बदलणाऱ्या रिप्लेसच्या नादी लागू नका. 'जिल्हा परिषद, बीड जिल्हा' अशी ओळ आली की तो दोन्हीकडचा 'जिल्हा' उडवेल. पायथन जुनं असेल तर शेवटी 'जिल्हा' आहे का ते आधी एंड्सविथने तपासायचं आणि मग शेपटाच्या लांबीइतकं कापायचं.

तपासताना जालना, लातूर, हिंगोली आधी घ्या. बीड-परभणीवर चालवून 'झालं' म्हणालात तर चूक तशीच पुढे जाईल.

गो भाषेतही हीच जोडी आहे, ट्रिमराइट आणि ट्रिमसफिक्स, आणि गफलतही हीच. पीएचपी भाषेतलं स्ट्रिपसारखंच ट्रिम त्याच्याही पुढचं: ते अक्षरं नव्हे, बाइट मोजतं, म्हणजे अक्षर ज्या तुकड्यांत साठवलेलं असतं ते तुकडे. तिथे हाच 'जिल्हा' दिला तर बीडसुद्धा वाचत नाही, 'ब' चे पहिले दोन बाइट जातात आणि स्क्रीनवर चौकोन उमटतो.