न्यू कॅलेडोनियाच्या दर्जाचा वाद

न्यू कॅलेडोनिया हा नैर्ऋत्य पॅसिफिकमधील, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेला फ्रान्सच्या ताब्यातील द्वीपसमूह आहे. राजधानी नूमेआ. २०१९ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,७१,४०७. त्यांत मूळ रहिवासी कनाक ४१.२ टक्के आणि युरोपीय २४.१ टक्के, उरलेल्यांत वालिस-फुतुना, ताहिती, इंडोनेशिया व व्हिएतनाम येथून आलेल्यांचे वंशज आणि मिश्र कुळांतील लोक येतात. कनाक सर्वांत मोठा गट असूनही बहुमतात नाहीत, आणि इथल्या वादाचा गाभा हाच आहे. स्वतंत्र व्हायचे की नाही, हे ठरवण्याआधी मत कोणी द्यायचे हे ठरवावे लागते. गेल्या चाळीस वर्षांतले जवळजवळ प्रत्येक भांडण या दुसऱ्या प्रश्नावर येऊन थांबले आहे.

कनाक अल्पमतात आले ते धोरणामुळे. फ्रान्सने १८५३ मध्ये बेटे ताब्यात घेतली आणि १८६४ पासून तेथे कैदी पाठवले. सुपीक जमिनी वसाहतवाल्यांना मिळाल्या आणि कनाकांना राखीव पट्ट्यांत कोंबण्यात आले. १८८७ ते १९४६ या काळात त्यांच्यावर वेगळी ‘देशी संहिता’ लागू होती. परवानगीशिवाय आपला पट्टा सोडणेही गुन्हा ठरे. १९७० च्या आसपास निकेलच्या तेजीत बाहेरून मोठा लोंढा आला. फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेसमेर यांनी जुलै १९७२ च्या पत्रात मूळ रहिवाशांची राष्ट्रवादी मागणी रोखण्याचा उपाय म्हणून फ्रेंच नागरिकांचे मोठे स्थलांतर सुचवले होते. हे पत्र ध्यानात घेतल्याशिवाय मतदारयादीबाबत कनाक इतके हट्टी का, हे समजत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत हा भाग १९४६ मध्ये होता. पुढच्याच वर्षी फ्रान्सने माहिती देणे थांबवले. आता ही वसाहत राहिली नसून फ्रान्सचाच सागरपार भाग आहे, ही भूमिका त्यामागे होती. गोव्याच्या वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलून गोव्याला ‘सागरपार प्रांत’ म्हटले होते, आणि १९६० मध्ये आमसभेने ते अमान्य केले. न्यू कॅलेडोनिया २ डिसेंबर १९८६ रोजी पुन्हा यादीत आला. यादीत असल्यामुळे सत्ताधारी देशाला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, मात्र प्रदेश सोडण्याची सक्ती होत नाही.

१३ सप्टेंबर १९८७ च्या सार्वमतात केवळ तीन वर्षे वास्तव्य असलेल्यालाही मत होते. स्वातंत्र्यवादी पक्षांची आघाडी एफएलएनकेएस हिने बहिष्कार टाकला. मतदान ५९ टक्के झाले आणि ९८.३ टक्के मते फ्रान्समध्ये राहण्याच्या बाजूने पडली. आकडा भक्कम दिसत होता, प्रश्न मात्र तसाच राहिला.

सात महिन्यांनी याच द्वीपसमूहातील उवेआ बेटावर असंतोषाचा स्फोट झाला. २२ एप्रिल १९८८ रोजी, फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीच्या दोन दिवस आधी, कनाक तरुणांनी फायावे येथील पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाणी ताब्यात घेऊन निवडणूक होईपर्यंत दबाव ठेवायचा, असा बेत होता. पण गोळीबार होऊन चार जवान ठार झाले आणि २७ जण ओलीस नेले गेले. इतरत्र ठरलेला उठाव झालाच नाही, त्यामुळे उवेआचा गट एकाकी पडला. बेटाच्या दक्षिणेकडे नेलेले ओलीस काही दिवसांत सुटले. उत्तरेकडे नेलेल्यांना गोसाना गावाजवळच्या गुहेत ठेवले होते. वाटाघाटीसाठी गेलेले अधिकारीही तिथे अडकले. पंतप्रधान जाक शिराक आणि अध्यक्ष फ्रांस्वा मितराँ हे दोघे एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवत होते आणि दुसरी फेरी ८ मे रोजी होती. ५ मे रोजी सैन्याने गुहेवर हल्ला केला. ओलीस सगळे जिवंत सुटले. १९ कनाक आणि २ सैनिक मारले गेले. शरण आल्यावर काही कनाकांना ठार केल्याचा आरोप झाला. जखमी म्होरक्या आल्फोन्स द्यानू उपचारांविना दगावला. पुढे माफीच्या कायद्याने खटल्यांची वाट बंद केली. त्यामुळे दोन्ही बाजूंना न्याय मिळाला नाही आणि ही जखम अजून भरलेली नाही.

निवडणुकीनंतर नवे पंतप्रधान मिशेल रोकार यांनी संवादासाठी पाठवलेल्या गटात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि फ्रीमेसन प्रतिनिधी होते. २६ जूनला मातिन्यों करार झाला. तीन प्रांत निर्माण झाले आणि निर्णय दहा वर्षे पुढे ढकलला गेला. करार करणारे कनाक नेते जाँ-मारी चिबाऊ आणि येवेने येवेने यांची ४ मे १९८९ रोजी उवेआवर, त्या १९ जणांच्या स्मरणविधीतच, गोसानाच्या एका कनाकाने हत्या केली. त्याच्या दृष्टीने तो करार म्हणजे मृतांशी विश्वासघात होता.

१९९८ च्या नूमेआ कराराने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, न्याय, सार्वजनिक सुव्यवस्था आणि चलन वगळता इतर अधिकार टप्प्याटप्प्याने स्थानिकांकडे दिले. सार्वमतासाठी खास मतदारयादी झाली. तिच्या निकषांपैकी एक होता ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत सलग २० वर्षांचे वास्तव्य. २०१८ च्या सार्वमतात ५६.७ टक्के मते स्वातंत्र्याला ‘नाही’ म्हणणारी होती, २०२० मध्ये ५३.३ टक्के, दुसऱ्या वेळी फरक दहा हजार मतांहून कमी होता. तिसरे सार्वमत १२ डिसेंबर २०२१ ला झाले. कोविडने माणसे गमावलेल्या कनाक कुटुंबांत दीर्घ सुतक पाळले जात होते, म्हणून तारीख पुढे ढकलण्याची विनंती झाली. पॅरिसने नकार दिला. बहिष्कारामुळे मतदान ४३.९ टक्क्यांवर आले आणि ९६.५ टक्के ‘नाही’ निघाले. १९८७ ची चूक पुन्हा जशीच्या तशी झाली.

प्रांतिक निवडणुकीची यादी वेगळी आहे आणि ती २००७ पासून गोठवलेली आहे. १९९८ नंतर आलेल्यांना तिच्यात जागा नाही, त्यामुळे सुमारे पाचवा हिस्सा मतदार बाहेर राहतात. त्यांचीही तक्रार खरी आहे. २०२४ मध्ये दहा वर्षांच्या वास्तव्यावर यादी खुली करण्याचे विधेयक पॅरिसमध्ये संमत होऊ लागताच १३ मेपासून नूमेआ पेटले. डझनाहून अधिक माणसे मेली, आणीबाणी लागू झाली, काही स्वातंत्र्यवादी पुढाऱ्यांना हजारो किलोमीटर दूर फ्रान्समधल्या तुरुंगांत नेण्यात आले. त्यांतले क्रिस्तियाँ तेन यांना ते कोठडीत असतानाच एफएलएनकेएसने अध्यक्ष निवडले. ऑक्टोबरमध्ये विधेयक मागे पडले. जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बूजिवालला फ्रान्सच्या अंतर्गत नव्या ‘राज्या’चा मसुदा झाला, तो ऑगस्टमध्ये एफएलएनकेएसने नाकारला.