पाच बदल, तीन थांबे: संघबांधणीच्या वादामागचा नियम

हरलेल्या सामन्यानंतर फुटबॉल चाहत्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. बदल उशिरा केले, ही पहिली. बाकावर, म्हणजे राखीव खेळाडूंत, उतरवण्याजोगं कोणी नव्हतंच, ही दुसरी. पहिली प्रशिक्षकाच्या खात्यात जाते, दुसरी खेळाडू विकत घेणाऱ्यांच्या. दोन्हींचं मूळ मात्र एकाच नियमात आहे: सामन्यात किती खेळाडू बदलता येतात आणि त्यासाठी खेळ किती वेळा थांबवता येतो. हा नियम जसजसा सैल झाला, तसतसा संघ अकरा जणांचा न राहता पंचवीस जणांचा झाला.

सुरुवातीचा काळ फार लांबवण्यासारखा नाही. स्पर्धात्मक फुटबॉलमध्ये कित्येक दशकं बदल नव्हतेच. जायबंदी झालेला खेळाडू लंगडत खेळायचा, नाहीतर संघ दहा जणांवर यायचा. १९५६च्या इंग्लिश चषकाच्या अंतिम सामन्यात मान मोडलेल्या गोलरक्षकाने शेवटची सतरा मिनिटं तशीच काढली. १९६५च्या अंतिम सामन्यात कॉलरबोन मोडलेला एक बचावपटू जादा वेळेसह (बरोबरी झाल्यावरची वाढीव तीस मिनिटं) जवळजवळ पूर्ण सामना खेळला. आजही हे शौर्य म्हणून सांगितलं जातं, पण दोष नियमाचा होता आणि किंमत खेळाडूंनी मोजली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत एक बदल करण्याची मुभा आली, तीही फक्त दुखापतीसाठी. दुखापत खरी की सोयीची, हे पंचांनी मैदानावर ठरवायचं कसं? दोन मोसमांनी ती अट निघाली. बदल हे डावपेचाचं हत्यार झालं ते तेव्हापासून.

संघ कोण निवडणार, हेही तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला १९४६पासून पूर्णवेळ प्रशिक्षक होता, पण अकरा नावं निवड समिती ठरवायची. १९५३मध्ये हंगेरीने वेम्बलीवर ६-३ आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टमध्ये ७-१ असं धुतलं, तरी समिती शाबूत राहिली. १९६३मध्ये आलेल्या प्रशिक्षकाने निवडीचा पूर्ण अधिकार आपल्याकडे घेतला आणि तीन वर्षांनी विश्वचषक जिंकला. तो विश्वचषक बदली खेळाडूंविना झालेला शेवटचा. म्हणजे या प्रशिक्षकाने अकरा जण निवडण्यात नाव कमावलं होतं. सामना चालू असताना निवड फिरवण्याची परीक्षा त्याने दिलीच नव्हती.

ती १९७०मध्ये आली. मेक्सिकोतल्या विश्वचषकात प्रथमच प्रत्येक संघाला दोन बदल मिळाले. १४ जूनला लिओनमध्ये इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत भिडले. सामना भर दुपारचा, शहर समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटर उंचीवरचं. इंग्लंडकडे २-० अशी आघाडी होती. जर्मनीने एक गोल फेडला आणि लगेच, सत्तराव्या मिनिटाला, इंग्लंडने आपला बत्तीस वर्षांचा मध्यफळीचा आधार बाहेर काढला. तीन दिवसांनी उपांत्य सामना होता, त्यासाठी त्याचे पाय राखून ठेवायचे होते. ब्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी झाली आणि जादा वेळेत जर्मनीने ३-२ असा सामना घेतला. इंग्लंडमध्ये या बदलावर अजून भांडणं होतात.

भांडण मात्र चुकीच्या बदलावर आहे. त्या सामन्यातला निर्णायक बदल जर्मनीने ५७व्या मिनिटाला केला होता. ताज्या दमाचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) उतरवला आणि तो तासभर उन्हात वर-खाली धावलेल्या इंग्लंडच्या लेफ्ट-बॅकवर (डावीकडच्या बचावपटूवर) सोडला. त्या बाजूने वादळ सुरू झालं. इंग्लंडचे दोन्ही बदल मध्यफळीत गेले. थकलेला लेफ्ट-बॅक शेवटपर्यंत तिथेच राहिला. बदल करताना ‘आपल्यातला कोण थकला’ यासोबत ‘समोर कोण ताजा आला’ हेही पाहायचं असतं, हा धडा तिथला. पुढे तीनच दिवसांनी, इटलीविरुद्ध, जर्मनीचे दोन्ही बदल संपलेले असताना त्यांच्या मुख्य खेळाडूचा खांदा निखळला. हात छातीशी बांधून त्याने जादा वेळ खेळून काढला. बदल लवकर वापरण्याचा फायदा काय आणि तोटा काय, याचे दोन्ही नमुने एकाच आठवड्यात मिळाले.

त्यानंतर दोन दशकं नियम फारसा हलला नाही. १९९४च्या विश्वचषकात दोन बदल आणि वर गोलरक्षकाचा एक. १९९५पासून कुठल्याही जागेचे तीन. तीनचा हा आकडा पंचवीस वर्षं टिकला. आज चाळिशीतल्या चाहत्याचे सगळे ठोकताळे त्यातूनच बनले आहेत: ६०व्या मिनिटाला पहिला बदल, ७५व्याला दुसरा, आणि तिसरा दुखापतीच्या भीतीने शेवटपर्यंत हातात.

याच काळात बाकामागचं चित्र पालटलं. १९९३-९४पासून इंग्लंडच्या वरिष्ठ साखळीत खेळाडूंना मोसमभराचे कायम क्रमांक मिळाले. त्याआधी जो सुरुवातीला उतरेल त्याला एक ते अकरा. युरोपातल्या क्लब स्पर्धांमध्ये तेव्हा परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती, त्यामुळे निवड म्हणजे पारपत्रांचं गणित. नोव्हेंबर १९९४मध्ये इंग्लंडच्या विजेत्या क्लबने बार्सिलोनात आपला पहिल्या पसंतीचा डॅनिश गोलरक्षक याच मर्यादेपायी बाहेर ठेवला आणि ४-० असा मार खाल्ला. डिसेंबर १९९५च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालाने युरोपीय संघातल्या खेळाडूंपुरती ती भिंत पडली. पैसेवाल्या क्लबांचे बाक फुगू लागले, म्हणून उलट दिशेने नियम आले: २००६-०७पासून युरोपीय स्पर्धांच्या यादीत क्लबमध्ये किंवा देशात घडलेल्या खेळाडूंसाठी राखीव जागा, आणि २०१०-११पासून इंग्लंडमध्ये पंचवीस जणांची यादी, ज्यात बाहेर घडलेले जास्तीत जास्त सतरा. २१ वर्षांखालचे यादीबाहेर राहून खेळू शकतात. ‘स्थानिक’ इथे राष्ट्रीयत्वाने ठरत नाही. ठरावीक वयात तीन मोसम कुठे सराव केला, यावर ठरतं. त्यामुळे किशोरवयात दाखल झालेला परदेशी मुलगाही स्थानिक होतो.

मग मे २०२० आला. साथीमुळे खोळंबलेले मोसम काही आठवड्यांत उरकायचे होते आणि खेळाडू महिनोन्महिने सरावाबाहेर होते. तात्पुरती सवलत म्हणून पाच बदल आले. जर्मनी, स्पेन, इटली यांनी ते पुढेही चालू ठेवले. इंग्लंडने अर्धवट राहिलेला मोसम पाच बदलांनी संपवला आणि पुढच्या दोन मोसमांत तीनवर परतला. तिथे नियम बदलायला वीसपैकी चौदा क्लबांची मतं लागतात, ती जमेनात. डिसेंबर २०२०मध्ये गंमत झाली: बाकावरची संख्या सातवरून नऊ करायला क्लब राजी झाले, पण त्यातून उतरवायचे तीनच. अखेर नियम जगभर कायमचा झाला, तेव्हा २०२२-२३पासून इंग्लंडही पाचवर आला.

छोट्या क्लबांची हरकत सरळ होती: ज्याचा बाक महाग, त्याचा फायदा. ती खोटी नव्हती. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला ११ गुणिले ९०, म्हणजे ९९० खेळाडू-मिनिटं येतात. तीन बदल सरासरी ७०व्या मिनिटाला केले तर बाकाच्या वाट्याला ६० मिनिटं, सहा टक्के. पाच बदल ६०व्याला केले तर १५० मिनिटं, पंधरा टक्के. अडतीस सामन्यांच्या मोसमात हा फरक २२८० विरुद्ध ५७०० मिनिटांचा होतो. पूर्वी अख्खा बाक मिळून एका पूर्णवेळ खेळाडूच्या दोन तृतीयांश काम करायचा. आता तो दीड खेळाडूच्याही पुढे जातो. म्हणून आज बारावा ते सोळावा खेळाडू निवडताना ‘दुसऱ्या क्रमांकाचा राइट-बॅक’ एवढंच पाहून भागत नाही. शेवटची तीस मिनिटं दाबून खेळणारा विंगर, आघाडी राखायला उंच बचावपटू, चेंडू अडवून ठेवणारा आघाडीपटू, अशी कामानुसार खरेदी करावी लागते.

पण हरकत घेणाऱ्यांनी नाण्याची दुसरी बाजू पाहिली नाही. गोलरक्षक सोडला तर मैदानावर दहा जण. तीन बदल म्हणजे त्यातले तीस टक्के, पाच म्हणजे निम्मे. चेंडूमागे सतत धावणारा, दबाव टाकून खेळणारा साधा संघही निम्मे पाय ताजे करू शकतो, आणि अशा संघाला त्याची गरज अधिक असते. फायदा मिळतो तो फक्त श्रीमंतांना, हे म्हणणं म्हणून अर्धंच खरं.

वाद सगळा पाच या आकड्यावर झाला. प्रशिक्षकाला प्रत्यक्षात बांधतो तो दुसरा आकडा: तीन थांबे. पाच खेळाडू बदलता येतात, पण चालू खेळातून त्यासाठी तीनच वेळा थांबता येतं. मध्यंतर यात धरत नाहीत. एका थांब्यात कितीही जण बदला, थांबा एकच मोजला जातो. दोन्ही संघांनी एकाच वेळी बदल केला तर दोघांचाही एकेक खर्च होतो. समोरच्याच्या थांब्यात आपला बदल फुकट घुसवता येत नाही. हा नियम वेळकाढूपणा रोखण्यासाठी आला, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत पाच वेगवेगळे बदल करून सामना मारता आला असता.

परिणाम मात्र खोलवर गेला. समजा, विसाव्या मिनिटाला एक दुखापत झाली आणि पस्तिसाव्याला दुसरी. दोन बदल गेले, पण दोन थांबेही गेले. उरलेले तिन्ही बदल मध्यंतराला करायचे, नाहीतर पुढे एकाच फटक्यात. प्रशिक्षक तिघांना एकदम ६५व्या मिनिटाला उतरवतो आणि ७०व्याला कोणाचा स्नायू ताणला तर दहा जणांवर खेळतो. म्हणून जाणते प्रशिक्षक शेवटचा थांबा ८०व्या मिनिटापर्यंत जपतात. दूरचित्रवाणीवर ‘बदल शिल्लक असूनही का करत नाही’ असं वाटतं, तेव्हा बहुधा थांबे संपलेले असतात. पडद्यावर खेळाडू मोजून दाखवतात, थांबे क्वचितच.

मध्यंतर फुकट असल्यामुळे ४०व्या ते ४५व्या मिनिटातला बदल सगळ्यात महाग पडतो. २०२२च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ०-२ असा पिछाडीवर असलेल्या फ्रान्सने ४१व्या मिनिटाला दोघांना बाहेर काढलं. मध्यंतरापर्यंत थांबले असते तर थांबा वाचला असता. तरीही तो निर्णय योग्य होता असंच मानायला हवं: त्या क्षणी तिसरा गोल झाला असता तर वाचवलेल्या थांब्याचं लोणचं घालायचं होतं का? ७१व्या मिनिटाला आणखी दोघे बदलले, दहा मिनिटांत बरोबरी झाली.

तिहेरी बदलाची एक बाजू मात्र मैदानाजवळच्यांनाच जाणवते. कॉर्नर आणि फ्री-किकच्या वेळी कोणी कोणाला धरायचं, हे सामन्याआधी नावानिशी ठरलेलं असतं. तिघे एकदम बदलले की त्यातल्या दोन-तीन जबाबदाऱ्या सरकतात आणि पुढचाच कॉर्नर विरुद्ध बाजूला असला तर गोंधळ ठरलेला. म्हणून सहायकाच्या हातात वही असते, उतरणाऱ्याला त्याची जागा रेषेवरच दाखवतात आणि समोरच्याच्या कॉर्नरआधी बदल शक्यतो टाळतात. दुसरं पथ्य मधल्या बचावपटूंच्या जोडीचं. दुखापत किंवा पिवळं कार्ड नसेल तर ती मोडत नाहीत, कारण ऑफसाइडची रेषा तिथून ठरते. तिसरं दाब टाकण्याचं: पुढचे तिघे एकत्र बदलले तर त्यांची लय एकत्र सुरू होते, एकच ताजा आणि दोन थकलेले असले तर ताजा एकटाच पुढे धावतो, त्याच्या मागे मोकळी जागा उरते आणि प्रतिस्पर्धी तिथूनच चेंडू बाहेर काढतो.

जादा वेळेत हिशेब पुन्हा बदलतो. सहावा बदल आणि एक जादा थांबा मिळतो, आधीचे उरलेले पुढे येतात, आणि जादा वेळेच्या सुरुवातीचा व मधला विराम मोजत नाहीत. एक दार मात्र बंद राहतं: जादा वेळ संपल्यावर, पेनल्टी शूटआऊटच्या आधी, डावपेच म्हणून बदल करता येत नाही. पेनल्टीसाठी कोणाला आणायचं असेल तर १२०व्या मिनिटापर्यंत चेंडू बाहेर जाण्याची वाट बघत बसावं लागतं. २०२१मध्ये झालेल्या युरो २०२० या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने असेच दोघे उतरवले. चेंडूला जेमतेम पाय लावलेल्या त्या दोघांच्याही पेनल्टी वाया गेल्या आणि प्रशिक्षकाला धारेवर धरलं गेलं. दीड वर्षाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने १२०व्या मिनिटानंतर एकाला उतरवलं, त्याने गोल केला, आणि त्या बदलाची चर्चाही झाली नाही. डाव तोच होता.

हा डाव गोलरक्षकाबाबत नेदरलँड्सने २०१४च्या विश्वचषकात खेळला होता. कोस्टा रिकाविरुद्ध १२०व्या मिनिटाला नवा गोलरक्षक आला, त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि सामना जिंकून दिला. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआऊट आलं, पण तीन बदल आधीच संपले होते. तोच गोलरक्षक बाकावरून बघत राहिला आणि संघ हरला.

सर्वात नवी भर मेंदूला धक्का बसण्याच्या बदलाची. २०२१पासून प्रयोग झाले, नंतर तो नियमात आला. हा बदल नेहमीच्या कोट्यात धरत नाहीत आणि तो वापरला गेला की प्रतिस्पर्ध्यालाही एक जादा बदल मिळतो. २०२२च्या त्याच अंतिम सामन्यात फ्रान्सचे सात बदल पाहून अनेकांना वाटलं की पंचांची मोजणी चुकली. पाच नेहमीचे, एक जादा वेळेचा आणि एक डोक्याच्या दुखापतीचा, असे ते सात होते.