मादी सशाची नसबंदी : घाई नको, चालढकलही नको

घरात मादी ससा असेल तर तिची नसबंदी, म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकायचं ऑपरेशन, करून घ्यावी, असं आम्ही दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. प्रश्न उरतो तो कधी करायची, एवढाच. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं : सहा महिने पुरे झाल्यावर, शक्यतो पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, वजन आटोक्यात असताना आणि उन्हाळा टाळून. एवढ्यावर समाधान होत नसेल तर पुढे वाचा.

एकटीच आहे, मग ऑपरेशन कशाला?

काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. पिल्लं होऊ नयेत हे नसबंदीचं एक कारण झालं, पण मोठं कारण गर्भाशयाचा कॅन्सर आहे. मादी सशांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. जुन्या अभ्यासांत काही जातींच्या चार वर्षांवरच्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त माद्यांना हा कॅन्सर असल्याचं दिसलं होतं. सगळ्या जातींत प्रमाण सारखं नसतं, पण धोका वयाबरोबर वाढत जातो हे नक्की. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. म्हणजे चार वर्षं हे काही तिचं म्हातारपण नव्हे.

हा आजार सुरुवातीला कळतच नाही. मादी खाते, खेळते, आणि एक दिवस तिच्या लघवीच्या ट्रेमध्ये लाल डाग दिसतो. अशा वेळी घाबरून जाण्याआधी डाग नीट पाहा. बीट किंवा काही पालेभाज्या खाल्ल्यावर सशाची लघवी नारिंगी-लाल होते, पण तेव्हा ती सगळी एकाच रंगाची असते. गर्भाशयातून रक्त येत असेल तर साध्या पिवळट लघवीत लाल रेघा किंवा गुठळ्या वेगळ्या दिसतात आणि त्या बऱ्याचदा लघवीच्या शेवटी पडतात. शंका असेल तर ट्रेमध्ये पांढरा कागद घाला, फोटो काढा आणि आम्हाला दाखवा.

दुसरा त्रास खोट्या गाभणपणाचा. नराशी संबंध न येताही मादी छातीवरचे आणि गळ्याखालच्या पोळीवरचे केस उपटते, तोंडात गवत भरून कोपऱ्यात घरटं करते आणि पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरून चावते. हे साधारण सोळा ते अठरा दिवस चालतं, थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. "स्वभावच बिघडला हो हिचा" म्हणून आणलेल्या माद्यांचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

वय मोजायचं कसं?

विकणाऱ्याने सांगितलेलं वय खरं धरून चालू नका. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं, पण बाजारात त्याहून लहान पिल्लं सर्रास "दोन महिन्यांचं आहे" म्हणून विकली जातात. पिल्लू घरी आणलं त्या दिवशीचं वजन आणि फोटो ठेवलेत तर अंदाज बांधायला आम्हाला खूप मदत होते.

छोट्या जातींच्या माद्या चौथ्या-पाचव्या महिन्यात वयात येतात. न्यूझीलंड व्हाइट, म्हणजे आपल्याकडे सगळीकडे दिसणारे लाल डोळ्यांचे मोठे पांढरे ससे, थोडा जास्त वेळ घेतात. वयात आल्याची खूण घरातच दिसते. तुमच्या पायाभोवती घूं-घूं करत गोल फिरणं, ट्रे सोडून सोफ्यावर लघवी करणं, गादी उकरणं. हे सुरू झालं की आम्हाला कळवा. पण लगेच दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असं आम्ही करत नाही.

फार लवकर नको याचं कारण शरीराचं आहे. लहान मादीचं गर्भाशय बारीक आणि नाजूक असतं, आणि किलोभर वजनाचं शरीर टेबलावर फार लवकर थंड पडतं. फार उशिराही नको, कारण मादीच्या गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या पडद्यात चरबी साठत जाते. दोन वर्षांची, पेलेटवर (गोळ्यांच्या तयार खाद्यावर) वाढलेली गुबगुबीत मादी उघडली की रक्तवाहिन्या त्या चरबीत रुतलेल्या सापडतात. टाका नीट बसवायला वेळ लागतो, म्हणजे भूलही तेवढीच लांबते. म्हणून ऑपरेशनआधी महिना-दीड महिना पेलेट कमी आणि सुकं गवत भरपूर, असं आम्ही सुचवतो. मात्र वजन हळूहळू उतरू द्या. सशाला उपाशी ठेवून बारीक करणं जिवावर बेततं.

"एक हीट होऊ द्यायची का?" असं कुत्रा पाळलेले लोक हमखास विचारतात. सशाला तशी हीट, म्हणजे ठरावीक काळाने येणारा माज, नसते. मादीचं अंडं सहसा नराशी संबंध आल्यावरच सुटतं, त्यामुळे ती महिन्यातले बहुतेक दिवस तयार असते. पाळीसारखं रक्तही तिला येत नाही. रक्त दिसलं तर "पाळी असेल" म्हणून सोडून देऊ नका. एकदा पिल्लं झाली की तब्येत सुधारते, या समजुतीतही तथ्य नाही.

जोडी असेल तर

दोन्ही माद्या म्हणून घेतलेल्या जोडीत एक नर निघणं ही रोजची गोष्ट आहे. वयाच्या बारा आठवड्यांच्या आत दोघांना वेगळं करा. गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो, आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नराचं ऑपरेशन सोपं, स्वस्त आणि लवकर होणारं आहे, पण त्यानंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. तोपर्यंत मध्ये जाळी हवीच.

भुलेची भीती

ती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत (२००८) भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण सशांमध्ये १.३९ टक्के निघालं, कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के. तब्येतीने ठणठणीत सशांपुरतं पाहिलं तर ते ०.७३ टक्के होतं. तरुण, निरोगी मादी आणा असा आमचा आग्रह असतो तो यासाठी. त्या पाहणीतले सशांचे बरेच मृत्यू टेबलावर नाही तर ऑपरेशननंतरच्या तासांत झाले होते. तेव्हा अर्धी काळजी तुमच्या घरी घ्यायची आहे.

ऑपरेशन आमच्याकडे करा किंवा दुसरीकडे, डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका : सशांची ऑपरेशनं नेहमी करता का, ऊब कशी देता, वेदनाशामक किती दिवस देता? आणि "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं कोणी सांगितलं तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपास घडवून काही मिळत नाही. उलट आतडं मंदावतं, आणि सशाचं आतडं थांबलं की बाकी सगळं थांबायला वेळ लागत नाही.

तीन-चार वर्षांची मादी असेल तर दार बंद झालं असं नाही. आधी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करतो, कारण हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो. त्यानंतर तुमच्याशी बोलून ठरवतो. काही वेळा आम्हीच "नको" म्हणतो.

एप्रिल-मेमध्ये मात्र तातडी नसेल तर आम्ही तारीख देत नाही. सशाला घाम येत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की तो धापा टाकू लागतो, आणि दुपारच्या उन्हात रिक्षातून घरी जाणं टाके पडलेल्या मादीला झेपत नाही. रक्त जात असेल तर हा नियम अर्थातच लागू नाही. मग पहाटे या, एसी लावून ठेवतो.

घरी नेल्यावर

लेंड्या मोजा. संध्याकाळी घरी नेलेल्या मादीने रात्रीतून दोन कोथिंबिरीच्या काड्या तरी खाल्ल्या पाहिजेत आणि सकाळपर्यंत ट्रेमध्ये लेंड्या दिसल्या पाहिजेत, सुरुवातीला बारीक असल्या तरी चालतील. बारा तासांत काहीच खाल्लं नाही तर फोन करा, रात्र असली तरी. सिरिंजने भरवायची पूड आम्ही सोबत देतो. ती पातळ कालवून गालाच्या बाजूने थोडी थोडी द्यायची, तोंड वर करून ओतायची नाही.

टाके आतून घातलेले आणि विरघळणारे असतात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात ती कॉलर आम्ही सहसा घालत नाही, कारण मादी आपल्या मऊ लेंड्या थेट शेपटीखालून खाते आणि कॉलरमुळे ते बंद पडतं. पिंजऱ्यात भुसा नको, वर्तमानपत्र किंवा स्वच्छ फडकं घाला. दहा दिवस उंच उड्या नकोत. वेदनेचं औषध आम्ही लिहून दिलेलंच द्या. घरातलं माणसांचं औषध देऊ नका, विशेषतः तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक. त्याने सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर दगावू शकतं.

चावणं, गुरगुरणं दुसऱ्या दिवशी थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात.

ऑपरेशनच्या सकाळी तिला तिचं नेहमीचं खाणं खाऊ घालून आणा. सोबत पिशवीभर तिचं गवत आणि आवडीचा पाला द्या. शुद्धीवर आल्यावर ओळखीच्या वासाचं पटकन तोंडाला लागतं. जोडीदार असेल तर त्यालाही आणा, म्हणजे परतल्यावर भांडण होत नाही. आणि तारीख ठरवण्याआधी वजन, दात आणि छाती तपासायला एकदा नक्की या. ती खरंच मादी आहे ना, हेही तेव्हाच पाहून घेऊ.