राउटर बंद-चालू केला की नेट पळतं, ते का?

चार दिवस नेट मस्त चालतं, मग हळूहळू पेज रखडायला लागतात, व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो आणि आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडतं, "अरे तो राउटर बंद करून चालू कर ना!" आणि गंमत म्हणजे तेवढ्याने काम होतंही. मीपण दोन महिने हेच केलं, शेवटी तर कंटाळून प्लगला टायमर लावला, रोज पहाटे आपोआप बंद-चालू. पण रिस्टार्टने नेमकं साफ काय होतं?

राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच, बऱ्याच राउटरमध्ये आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असते, फक्त रॅम जेमतेम. घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप सगळे साधारण एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) बाहेर जातात, त्यामुळे आलेलं उत्तर कोणाला द्यायचं याची एक वही राउटर ठेवतो, तिला नॅट टेबल म्हणतात. एका कनेक्शनची एक ओळ. कनेक्शन नीट बंद झालं की ओळ लवकर खोडली जाते, पण मोबाईल वायफाय सोडून खिशातून निघून गेला तर राउटरला पत्ताच नसतो, तो ओळ तशीच ठेवतो. किती वेळ? लिनक्सचं मूळ सेटिंग 432000 सेकंद आहे, म्हणजे पूर्ण 5 दिवस! काही कंपन्या हे कमी करून देतात, सगळ्या नाही. त्यात कोणी टॉरेंट (एकाच वेळी अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी फाईल उतरवणं) लावला की शेकडो ओळी एका झटक्यात. वही भरली की नवीन कनेक्शनला जागाच नाही. ओळखायची खूण भारी आहे, चालू असलेला कॉल व्यवस्थित चालतो पण नवीन पेज काही केल्या उघडत नाही.

फर्मवेअरमधल्या, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्राममधल्या, चुकीमुळे वापरलेली रॅम परत मोकळी न होणं, हा त्याचाच भाऊ.

दुसरा संशयित चॅनल, म्हणजे वायफाय ज्या रेडिओ पट्ट्यात बोलतं तो. बरेच राउटर चॅनल फक्त चालू होताना निवडतात, नंतर शेजारी गर्दी झाली तरी हलत नाहीत. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये चॅनल 5-5 मेगाहर्ट्झवर असतात पण सिग्नल 20 रुंद, म्हणून 1, 6, 11 एवढेच एकमेकांत न घुसणारे. रिकामा दिसतो म्हणून 3 निवडू नका हं, तो 1 आणि 6 दोघांचाही गोंगाट ऐकतो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान पाळीपाळीने बोलतात.

तर पुढच्या वेळी नेट रखडलं की लगेच रिस्टार्ट नको. आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा, पत्ता बहुतेकदा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. उत्तर दोन-चार मिलिसेकंदात येतंय तर वायफायवर शंका नको, मध्येच 300 वर उडतंय तर बहुधा हवेतच गडबड आहे. मग लॅपटॉपला केबल लावून बघा. केबलवर पळतंय तर चॅनल बदला किंवा 5 गिगाहर्ट्झवर जा. केबलवरही रखडतंय आणि रिस्टार्टनेच सुटतंय, तर बहुतेक वही नाहीतर रॅम. रिस्टार्टनेही सुटत नसेल तर बाहेरची लाईन.

माझ्याकडे अ‍ॅडमिन पेजच्या लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ शंभरदा छापलेली निघाली. फर्मवेअर अपडेट केलं, टॉरेंटच्या कनेक्शनवर मर्यादा घातली, झालं. टायमर आता गॅलरीतल्या दिव्याला आहे.