मोहिनीचा नातू : विक्रम गोखले यांच्यामागचं घराणं

विक्रम गोखल्यांची नक्कल करणाऱ्याला फार काही लागायचं नाही. मान किंचित तिरकी, नजर समोरच्यावर रोखलेली, वाक्य अर्ध्यावर सोडून दिलेलं आणि क्रियापद ओठांशी अडवून धरलेलं. ते क्रियापद बाहेर पडायच्या आत प्रेक्षकांत हशा आणि टाळ्या. त्यांचा ‘पॉज’ इतका ओळखीचा झाला होता की शेवटी शेवटी त्याची चेष्टाच जास्त झाली. कधी कधी ते स्वतःही त्या पॉजच्या प्रेमात पडलेले दिसत, हे कबूल करायला हवं. पण बोलता बोलता थांबण्याची ही ताकद आली कुठून, हे बघायचं तर त्यांच्या जन्माच्याही बत्तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. त्यात तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. संगीत नाटकांच्या कंपन्यांमधून पुरुषच नायिका होत होते आणि लोक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकत होते. पुढे फाळक्यांनी नाशिकला मुक्काम हलवला आणि त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला. भारतीय सिनेमातल्या या पहिल्या स्त्रिया. दुर्गाबाई विक्रम गोखल्यांच्या पणजी, आणि कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, त्यांची आजी.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, मुलीला घेऊन नाटकाच्या वाटेला गेल्या होत्या. त्या काळात एकट्या बाईला पोट भरायला मोजकेच मार्ग होते आणि त्यात नाटक हा काही अब्रूचा धरला जात नव्हता. कमला अगदी लहानपणीच रंगमंचावर उभी राहिली. म्हणजे जिचं शिक्षण गाण्यात आणि खणखणीत बोलण्यात झालं, ती फाळक्यांच्या मूकपटात अवाक्षर न बोलता मोहिनी झाली. आवाज हाच जिचा धंदा, तिच्याकडून आवाज काढून घेतला तर उरतं काय? डोळे, मान, हात आणि थांबणं. नातवाने हेच पुढे भर संवादात करून दाखवलं, असं मला नेहमी वाटतं. अर्थात हा माझा अंदाज, याला पुरावा काही नाही.

कमलाबाईंचं लग्न झालं रघुनाथराव गोखल्यांशी. रघुनाथराव किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करत असत. बाईच्या भूमिका करणारा पुरुष आणि त्या भूमिका त्याच्या हातून काढून घेऊ पाहणाऱ्या पिढीतली बाई यांचा हा संसार! मराठी रंगभूमीवरचा अख्खा बदल एकाच घरात नांदत होता म्हणायला हरकत नाही. तो संसार फार टिकला नाही. रघुनाथराव लवकर गेले, कमलाबाई तेव्हा पंचविशीत होत्या. मुलं पदरात होती. त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, नाटकं केली, बोलपट केले आणि मुलांना वाढवलं. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले, चंद्रकांत नाटकाकडे. कमलाबाईंचा शेवटचा चित्रपट १९८० सालचा ‘गहराई’. १९१३ ते १९८०, मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंत. एवढा पल्ला गाठलेली दुसरी बाई शोधायला कष्ट पडतील.

चंद्रकांत गोखले जन्मले १९२१ साली आणि आईच्या मागोमाग लहानपणीच तोंडाला रंग लावून उभे राहिले. माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे, ही त्यांच्या पिढीची पहिली अट. सिनेमात त्यांच्या वाट्याला बहुतेक करून सोशिक, पापभीरू बापाच्या भूमिका आल्या. स्वतःची राहणी अगदी साधी आणि साठवलेल्या पैशातून अपंग सैनिकांसाठी देणग्या. २००८ साली ते गेले. देण्याची ही रीत घराच्या न्यासाने पुढेही चालू ठेवली.

विक्रम यांचा जन्म पुण्याचा, १४ नोव्हेंबर १९४५ चा. अशा घरातल्या मुलाला नट व्हायला काय अडचण, असं बाहेरून वाटतं. पण फिरतीवरच्या नटाच्या घरात पैशाची आवक म्हणजे लहरी पाऊस, आणि आडनावावर एखादी भूमिका मिळाली तरी पुढचा प्रयोग आडनावावर लागत नाही. १९७१ च्या ‘परवाना’त ते हिंदी पडद्यावर दिसले, मराठी सिनेमेही मिळत गेले. खरं नाव झालं ते मात्र नाटकातून.

१९७७ साली जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ विजया मेहतांनी बसवलं आणि बॅरिस्टर झाले विक्रम गोखले. विलायतेत शिकून आलेला, सुधारकी विचारांचा, थाटात इंग्रजी बोलणारा माणूस. वाड्यात केशवपन झालेली मावशी आहे, आणि बिऱ्हाडकरूची बायको राधा विधवा झाल्यावर तिच्याही डोक्यावर वस्तरा फिरायची वेळ आली आहे. बॅरिस्टर तिच्या बाजूने उभा राहतो. पण घराण्यात वेडाची परंपरा असल्याने ते वेड एक दिवस आपल्यालाही गाठणार, ही भीती त्याला आतून पोखरते आहे. भूमिकेतली मेख अशी की माणूस एकीकडे अतिशय बोलका आहे आणि जे बोलायला हवं तेवढंच त्याला बोलता येत नाही. इथे मोठ्या आवाजाची तालीम पुरी पडत नाही. वाक्याच्या मधोमध मन कुठेतरी घसरतं, ते दिसावं लागतं. गोखल्यांचा पॉज इथे अंगावर यायचा, कारण त्या शांततेत काहीतरी चाललेलं असायचं. मावशी स्वतः विजयाबाई आणि राधा सुहास जोशी. अशी माणसं समोर असताना नुसत्या आवाजावर निभावून नेणं कुणालाच शक्य नव्हतं.

दोन वर्षांनी याच जोडीचं, म्हणजे दळवी आणि विजयाबाईंचं ‘महासागर’ आलं. त्यात नाना पाटेकरही होते, हे पुढच्यासाठी ध्यानात ठेवायचं. नंतर ‘जावई माझा भला’, ‘नकळत सारे घडले’ अशी व्यावसायिक यश मिळवलेली नाटकं झाली. याच काळात त्यांच्याविषयी आदर वाढला आणि धाकही. प्रेक्षागृहात मोबाइल वाजला की ते प्रयोग थांबवून सुनावत. काहींना तो माज वाटे. पण ज्याचा अर्धा अभिनय शांततेवर उभा आहे त्याच्या प्रयोगात मोबाइल वाजणं म्हणजे गवयाच्या मैफिलीत शेजारी बँड वाजण्यासारखं.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, आणि त्या पिढीतल्या नाटकवाल्यांना एक नवाच प्रश्न पडला. प्रेक्षक आता शेवटच्या रांगेत नव्हता, नाकासमोर दोन हातांवर होता. थिएटरच्या मापाने बोललेलं तिथे आरडाओरड वाटायचं. बऱ्याच मोठ्या नटांना हे माप सापडलंच नाही. गोखल्यांना ते फारसं अवघड गेलं नाही, कारण त्यांचं खरं हत्यार नजर होती आणि कॅमेऱ्याला तीच हवी होती. १९८९ च्या सुमारास ‘उडान’मध्ये पोलीस अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलीचा बाप म्हणून ते घराघरांत पोचले. मग ‘या सुखांनो या’मधले कुटुंबप्रमुख, ‘अग्निहोत्र’मधले वाड्यातले वडीलधारे. मालिकांच्या रोजच्या दळणात पॉजही दळला गेला, हे खरं. दर भागात तीनदा थांबलं की त्या थांबण्याचं वजन जातं.

हिंदी सिनेमाने त्यांना बहुतेक वेळा दरारा असलेला माणूसच केलं. ‘अग्निपथ’मधले पोलीस कमिशनर गायतोंडे, ‘हम दिल दे चुके सनम’मधले पंडित दरबार, ‘भूलभुलैया’मधले आचार्य. त्यांच्यातला हतबल माणूस दिसला तो गजेंद्र अहिरेंच्या ‘अनुमती’त. बायको कृत्रिम श्वासावर, मुलगा व्यवहाराचं बोलतो आहे, आणि निवृत्त शिक्षक असलेला नवरा पैशासाठी वणवण फिरतो आहे. इथे कुठे नजर रोखणं नाही, दरारा नाही. या भूमिकेला २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानबरोबर विभागून. २०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्याआधीच झाला होता. मधे २०१० साली ‘आघात’ हा रुग्णालयातल्या कारभारावरचा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला.

मग घशाने दगा दिला. दुखण्यामुळे २०१६ साली त्यांनी रंगमंचावरून निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला ‘नटसम्राट’ चित्रपट लागला होता. त्यात ते रामभाऊ, म्हणजे अप्पा बेलवलकरांचा थकलेला नट मित्र. इस्पितळातल्या खाटेवर रामभाऊ आणि समोर नाना पाटेकरांचे अप्पा, ‘महासागर’मधले दोघे छत्तीस-सदतीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर. मरणाच्या दारातले हे दोन म्हातारे नट तिथे कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात. रामभाऊंचा आवाज खोल गेलेला, दम लागलेला. त्यात अभिनय किती आणि खरोखरचा घसा किती, हे सांगता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुण्यात रुग्णालयात होते तेव्हा ते गेल्याची अफवा आधीच पसरली आणि लोकांनी श्रद्धांजल्या वाहूनही टाकल्या. घरच्यांना ते खोडून काढावं लागलं. २६ नोव्हेंबरला वयाच्या ७७ व्या वर्षी ते गेले. अंत्यदर्शन बालगंधर्व रंगमंदिरात ठेवलं होतं.

त्याआधी दोन आठवडे, ११ नोव्हेंबरला, निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ चित्रपटगृहांत लागला होता. त्यात ते नारोपंत, नदीकाठच्या जुन्या घरातले आजोबा. चित्रपट घडतो नाशिकला.