दव, दहिवर आणि गोठलेली जास्वंद: नाशिकच्या थंडीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये दर डिसेंबरात जास्वंद, एक्झोरा, अँथुरियमची पाने काळवंडतात आणि घरोघरी बुरशीनाशकाची फवारणी सुरू होते. बहुतेक वेळा रोग नसतोच. झाडाला थंडीचा चटका बसलेला असतो.

आपल्या बागांतली बरीच झाडे इथली नाहीत. पांढरा चाफा आणि बोगनवेल अमेरिका खंडातून जहाजांवाटे आली आणि रुळली. चाफा तर हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो, म्हणून टिकतो. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत. पण त्या लौकिकातला गुलाब थंडीत खुलणारा आहे. गुलाब फुलतो म्हणून उष्ण प्रदेशातला हेलिकोनियाही फुलेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

खरा घोळ शब्दांचा आहे. 'दहिवर पडले' असे कुणी म्हटले की एकाला साधे दव वाटते, दुसऱ्याला गोठलेले पांढरे थर. वर्तमानपत्रे 'हिमकण' लिहितात, शेतकरी 'दव गोठले' म्हणतात. हिंदी व्हिडिओ पाहणाऱ्यांची आणखी पंचाईत होते. तिथे 'पाला' म्हणजे गोठलेले दव. आपल्याकडे पाला म्हणजे पाने. 'पाले से बचाव' ऐकून पालापाचोळा झाडून काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि कुंडीतला तोच पाचोळा मुळांना ऊब देत होता. दव आणि गोठलेले दव यांत झाडाच्या जिवाचा फरक आहे. दवाने पान ओले होते. गोठल्यावर पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, पेशी फाटतात आणि ऊन चढल्यावर पान उकडल्यासारखे मऊ, काळपट होऊन लोंबते. जास्वंदीचे असे पान बोटांत धरले की ओल्या कागदासारखे लागते. अँथुरियमला तर गोठण्याचीही गरज नाही. १० अंशांच्या खालची रात्र त्याला पुरते.

आकड्यांनीही फसगत होते. तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, सावलीच्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचे पान हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणून बातमीत ३ अंश असताना गवतावर पांढरा थर दिसू शकतो. शहरातली नीचांकी नोंद ७ जानेवारी १९४५ ची आहे, ०.६ अंश. त्यानंतर चर्चा जिल्ह्यातल्याच निफाडकडे सरकली. गोदावरी-कादवा नद्यांच्या सखल पट्ट्यात थंड हवा साचते; डिसेंबर २०१८ मध्ये तिथला पारा २ अंशांच्या खाली गेला आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्या. त्या आकड्याने शहरातल्या गंगापूर रोडवरच्या गच्चीने घाबरण्याचे कारण नाही, पण नदीकाठच्या बंगल्याने जरूर सावध व्हावे.

आजचे बरेच उपाय द्राक्ष बागायतदारांकडून आले. पहाटे विहिरीचे पाणी सोडणे हा त्यातला सर्वात भरवशाचा, कारण ते पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार असते आणि ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. तोच उपाय कुंडीतल्या अडेनियमला मात्र मारक ठरतो, हिवाळ्यात त्याची मुळे कुजतात. पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखालची शेती, आल्यानंतर दिंडोरी भागात जरबेराची फुले रुजली. त्या पांढऱ्या छपरांकडे पाहून लोक घरी झाडावर प्लास्टिक गुंडाळू लागले. माझ्या मते हे सर्वात घातक अनुकरण आहे. पॉलिहाऊसचा कागद पानांपासून दूर असतो. घरी तो पानाला चिकटतो आणि टेकलेले पान आधी करपते. गोणपाट किंवा जुनी सुती साडी काठ्यांवर टाकावी, सूर्य वर आला की काढावी.

आणि करपलेली फांदी लगेच छाटू नये. छाटली की कोवळी फूट येते आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी जाते. थंडी महाशिवरात्रीला 'शिव शिव' करत निघते, असे आजी म्हणायची, तोवर थांबावे. मग नखाने साल खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसेल तिथवरची फांदी जिवंत आहे, कात्री त्याच्या वर लावावी.