निद्रा-दाबयंत्र

निद्रा-दाबयंत्र : झोपेत घशाची वाट मिटू नये म्हणून नाकावाटे, किंवा नाक व तोंड दोन्हींवाटे, ठरावीक दाबाने हवा देणारे साधन. व्यवहारात त्याला सीपॅप (अखंड एकच दाब देणारे), बायपॅप (दोन पातळ्यांचा दाब देणारे) किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. ते ऑक्सिजन तयार करीत नाही. खोलीतलीच हवा गाळून पंख्याने पुढे सारते. करोनाच्या साथीत ‘बायपॅपवर ठेवले’ हे शब्द घरोघरी पोचले आणि तेव्हापासून मशीन म्हणजे शेवटची घटका, अशी भीती अनेकांच्या मनात बसली. ती काढून टाकणे अगत्याचे आहे.

दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाच्या दाबाने, मोजतात. नेहमीचा पल्ला ४ ते २० सेंमी. वातावरणाचा दाब याच मापाने सुमारे १,०३३ सेंमी. भरतो, म्हणजे १० सेंमी. ही जेमतेम एक टक्क्याची भर. तेवढ्याने मऊ टाळू आणि जिभेचे मूळ मागे पडून घसा बंद होत नाही, कारण हवाच आतून टेकू देते. श्वास निदान १० सेकंद थांबला तर त्याला श्वासरोध म्हणतात. पूर्ण आणि अर्धवट रोध मिळून ताशी ५ पासून विकार धरतात, ३० पासून तो तीव्र.

या यंत्राचा जनक कोण, याबद्दल मतभेद आहेत. लंडनचे डॉक्टर पोल्टन यांनी १९३६ मध्ये, फुप्फुसात पाणी साठलेल्या हृदयरुग्णांना मुखवट्यातून दाबाची हवा दिल्याचे प्रसिद्ध केले. हवेसाठी त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा जोडला होता. अमेरिकेत बराख यांचे अशाच दाबाच्या हवेवरचे काम साधारण त्याच दशकातले. १९७१ मध्ये ग्रेगरी व सहकाऱ्यांनी श्वास न झेपणाऱ्या नवजात बालकांसाठी अखंड दाबाची पद्धत मांडली. त्यामुळे काही अभ्यासक उगम पोल्टन यांच्यापर्यंत मागे नेतात. पण यांपैकी कोणाचाही रोख झोपेतल्या घशाकडे नव्हता. झोपेतील श्वासरोधाचे नीट वर्णनच १९६५ मध्ये, फ्रान्समध्ये गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी वेगवेगळे केले. त्यावर तेव्हा खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी बसवणे. जून १९८० मध्ये सिडनीत एका रुग्णाला हा छेद नको होता. कॉलिन सुलिव्हन यांनी त्याच्या नाकावर मुखवटा बसवून रात्रभर दाबाची हवा दिली. पाच रुग्णांचा वृत्तांत १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, ४.५ ते १० सेंमी. दाब पुरला होता. मुखवटे रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून घडवलेले आणि रोज रात्री सिलिकोनने चिकटवायचे, तर हवेला पुन्हा व्हॅक्यूम क्लीनरचीच मोटर. पंखा जुना, तत्त्वही जुने. पण अडथळा घशात आहे आणि त्याला नाकातून टेकू देता येतो, हे ओळखणे नवे होते. म्हणून श्रेय सुलिव्हन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

आत घेताना जास्त व सोडताना कमी दाब देणारे द्विस्तरीय यंत्र (बायपॅप) १९९० च्या सुमारास आले, आपोआप दाब बदलणारे त्यानंतर थोड्याच काळात. हे स्वयंचलित यंत्र श्वासाच्या प्रवाहाचा आकार पाहते. मोकळ्या श्वासाचा आलेख गोल टेकडीसारखा असतो. घसा अरुंद झाला की माथा सपाट होतो. तो सपाटपणा, घोरण्याची थरथर किंवा थांबलेला श्वास दिसला की यंत्र दाब थोडाथोडा चढवते आणि मग सावकाश उतरवते. मेंदूकडून इशाराच न आल्याने श्वास थांबला असेल तर दाब वाढवून उपयोग नाही. म्हणून काही यंत्रे हलके स्पंदन सोडून घसा उघडा आहे का, ते तपासतात. हृदय क्षीण झालेल्यांत मात्र जपावे लागते. प्रत्येक श्वासागणिक आधार बदलणाऱ्या प्रकारामुळे अशा काही रुग्णांत हृदयमृत्यू वाढल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,७१७ जणांच्या चाचणीत सीपॅपने हृदयाघात वा पक्षाघात टळल्याचे दिसले नाही, दिवसाची पेंग मात्र कमी झाली. त्या चाचणीत सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता, हे विसरून निष्कर्ष काढू नये.

कोकण किनाऱ्यावर अडचण येते ती दमट हवेची आणि विजेची. पावसाळ्यात खोलीतली हवा आधीच ओली. त्यात यंत्राच्या पाण्याच्या टाकीतली ऊबदार वाफ चढवली की नळीच्या खोलगट भागात पाणी साचते, गुळगुळ आवाज होतो आणि नाकावर थेंब उडून झोपलेला दचकतो. वाफेचा आकडा कमी केला की बहुधा भागते. टाकीत विहिरीचे पाणी घातल्यास क्षार धरतो, तेव्हा डिस्टिल्ड पाणीच वापरावे. सारवलेल्या जमिनीवर यंत्र ठेवल्यास धूळ आत खेचली जाते. पाटावर, पण डोक्याच्या पातळीखाली ठेवावे. चुलीचा धूर येणाऱ्या घरात गाळणी लवकर काळी पडते. मच्छरदाणीची कड नळीवरून घट्ट खोचली तर नळी चेपत नाही ना, ते हाताने चाचपून पाहावे. धुतलेला मुखवटा व नळी पडवीत सावलीला टांगतात. श्रावणात ती दिवसभरातही वाळत नाहीत आणि बुरशीचा वास धरतात. जून २०२१ मध्ये जगभर लाखो यंत्रे परत मागवली गेली. आवाज कमी करणारा त्यांतला फोम झिजत होता, आणि उष्ण-दमट हवा हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली की पंखा थांबतो; मुखवटा तसाच ठेवला तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत येतो, म्हणून नाक-तोंड झाकणाऱ्या मुखवट्याला सुरक्षा-झडप असते. यंत्रे बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. बरीच वीज वाफेला लागते, ती बंद ठेवल्यास बॅटरी अधिक पुरते. इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सफाईदार लहर देणारा, असावा.

कोकणातल्या रुग्णाला झोपेच्या सविस्तर तपासणीसाठी बहुधा मुंबई, पुणे वा कोल्हापूर गाठावे लागते; सिंधुदुर्गातून गोवाही. मुंबईत निदान झालेले चाकरमानी गणपतीला येताना मशीन सोबत आणतात. निघण्यापूर्वी टाकीतले पाणी ओतून ती कोरडी करावी. गाडीत पिशवी कलंडली तर पाणी थेट मोटरीत शिरते.